आहेराची वही आणि एक गंज

प्रश्न क्रमांक १७ ला जवळजवळ सगळ्या घरांनी एकच उत्तर दिलं. प्रश्न होता, 'लग्नात एकूण खर्च किती झाला?' उत्तर, 'जेमतेम.' प्रश्न १८, 'त्यासाठी कर्ज काढलं का?' उत्तर, 'नाई.' आणि १९ वा प्रश्न विचारायला मी तोंड उघडायच्या आत समोरचे काकाजीच मला विचारायचे, "मॅडम, हे अनुदानाचं हाय काय? यादी कवा लागते?"

मी यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते आणि तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते. (तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांनी हसून घ्यावं. ज्यांना माहीत नाही त्यांना एवढंच सांगते की मार्चचं मानधन दिवाळीला येतं, तेही आलं तर.) उरलेल्या वेळात कथा लिहिते. दोन वर्षांपूर्वी 'ग्रामीण भागातील विवाहखर्च आणि कर्जबाजारीपणा' असा छोटा संशोधन प्रकल्प हाती घेतला. ४२ प्रश्नांची प्रश्नावली, झेरॉक्सचे गठ्ठे, नवऱ्याची गाडी आणि डोक्याला दुपट्टा. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे साक्षगंधं सुरू होतात, म्हणून मुद्दाम तोच हंगाम धरला होता. लोक कापूस वेचून थकून घरी आलेले, आणि मी दारात कागद घेऊन उभी.

ते खोटं बोलत होते असं मला तेव्हा वाटलं. आता वाटत नाही. आमच्या भागात कागद घेऊन येणारा माणूस कशासाठी येतो? पंचनामा करायला. २०१७ साली कर्जमाफीचे फॉर्म भरून घ्यायला आला. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, तेव्हा नुकसान लिहून घ्यायला आला. कोणत्या कागदाला काय सांगायचं हे लोक इतक्या वर्षांत शिकले आहेत, आणि माझा कागद कोणत्या जातीचा आहे हे त्यांना कळेना. मग सगळ्यात सुरक्षित शब्द कोणता? जेमतेम.

त्याच दिवसांत मी एक कथा लिहिली होती. मुलीच्या लग्नासाठी सावकाराकडे गेलेला बाप, हुंदका देणारी आई, शेवटी पाऊस. दिवाळी अंकाला पाठवली. महिनाभरानं संपादकांचा फोन आला. माणूस सभ्य होता, पण म्हणाला, "बाई, हे आम्ही रोज वर्तमानपत्रात वाचतो. तुमच्या गावात लग्न कसं होतं ते यात कुठे आहे?"

मला राग आला. चार दिवस राहिला. पाचव्या दिवशी वर्गात सी. राईट मिल्स शिकवायचा होता. हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ, १९५९ सालचं त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एका माणसाची अडचण वेगळी आणि समाजाचा प्रश्न वेगळा, पण एकातून दुसरं पाहता आलं पाहिजे. हे मी सात वर्षं फळ्यावर दोन रकाने करून शिकवत आले आहे. त्या दिवशी रकाने आखताना खडू हातातच राहिला. माझ्या कथेत नुसती अडचण होती. प्रश्नावलीत नुसता प्रश्न होता. गाव दोन्हीकडे नव्हतं.

मागच्या बाकावरून एक पोट्टा ओरडला, "मॅडम, लिवून घेऊ काय हे?"

वही सापडली ती शोधायला गेले म्हणून नाही. सासूबाईंच्या लोखंडी पेटीत देण्याघेण्याच्या साड्या असतात. नेसायच्या साड्या वेगळ्या, देण्याघेण्याच्या वेगळ्या. हे ज्या घरात नाही असं घर मी पाहिलेलं नाही. भाचीच्या हळदीला एक साडी हवी होती. ती काढताना तळाशी लाल कापडी बांधणीची दोनशे पानी वही निघाली. पहिल्या पानावर 'श्री गणेशाय नमः', खाली 'आहेर', खाली '१९८७'. माझ्या भासऱ्यांच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या लग्नाची.

रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंच्या खाटेवर बसून आम्ही ती वाचायला घेतली. मी नाव वाचायचं, त्यांनी माणूस सांगायचा. ११ रुपये. २१ रुपये. टोपी-दुपट्टा. परात १. गडवा १. गंज १, मोठा, झाकणासहित. (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी: हा गंज लोखंडावर चढणारा नव्हे. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात.) काही नावांपुढे निळी टिक होती, काहींपुढे टिकेभोवती गोल.

"आई, हे गोल काय?"

"टिक म्हंजे फेडलं. गोल म्हंजे फेडलं, पन चढवून नाई देल्लं. तेवढंच्या तेवढं देल्लं."

"मग ते चांगलंच ना? हिशेब बरोबर झाला."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी पदवी माझ्या डोळ्यांदेखत विरघळली. "हिशेब बरोबर झाला का संबंध मिटला बाई. वरचा रुपया काहून देतेत मंग?"

१०१ मधला वरचा एक. ५१ मधला वरचा एक. मी आयुष्यभर तो रुपया पाकिटाला चिकटलेला पाहिला आणि शुभ असतो म्हणून सोडून दिला. सासूबाईंच्या मते तो दार उघडं ठेवण्यासाठी असतो. घेणं-देणं समसमान झालं की दोन घरांना एकमेकांकडे जायचं कारण उरत नाही.

हे जवळजवळ याच अर्थानं एका फ्रेंच माणसानं सांगितलं आहे, आणि मी ते एम.ए.ला पाठ करून साठ टक्के मिळवले होते. मार्सेल मॉस, थोर समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमचा भाचा. (नातं सांगायलाच पाहिजे, विषय आहेराचा आहे.) १९२५ साली त्यानं भेटवस्तूंवर मोठा निबंध लिहिला. भेट ही वरवर खुशीची दिसते, पण तिच्यात तीन सक्ती असतात: द्यावं लागतं, घ्यावं लागतं, परत करावं लागतं. त्यानं कुठकुठल्या लोकांच्या चालीरीती गोळा केल्या, त्यात न्यूझीलंडच्या माओरींची एक कल्पना आहे, 'हाऊ'. दिलेल्या वस्तूत देणाऱ्याचं काहीतरी राहतं आणि ते आपल्या मूळ जागी परतायला बघतं. परीक्षेत मी यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. वस्तू परतायला बघते म्हणजे काय, हे मला तेव्हा तसूभरही कळलेलं नव्हतं.

वहीचा क्रमही बघण्यासारखा होता. आधी भावकी, मग सोयरे, मग दारव्ह्याचे अडते आणि दुकानदार, मग तांड्यावरचे नाईक, मग 'गाव'. सोयऱ्यांच्या नावापुढे गावाचं नाव. गावातल्या मोठ्या घरांपुढे आडनाव. सुताराच्या, न्हाव्याच्या नावापुढे आडनावाच्या जागी धंदा. शेवटच्या दोन पानांवर नुसती पहिली नावं, तीही कुणीतरी घाईनं लिहिलेली. हे कुणी ठरवून केलेलं नाही. लिहिणारा मास्तर जसं गाव बघत होता तसं ते उतरलं. मी कथेत 'गावात जातीभेद होता' असं एक वाक्य लिहिलं होतं, आणि इथं तीच गोष्ट शाईतून ओळीनं उतरलेली, त्यात जातीभेद हा शब्द कुठेच नव्हता.

तेव्हा आहेर माईकवरून पुकारायचे. "अमुक गावचे अमुक पाहुणे, यांच्याकडून एकशे एक रुपये!" मग बँडवाला एक झुलका द्यायचा. गॉफमन नावाचा समाजशास्त्रज्ञ स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर जाऊन राहिला होता, तिथल्या हॉटेलात जेवणघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं दार ओलांडताना माणसं कशी बदलतात ते त्यानं टिपलं. रंगमंचाची पुढची बाजू आणि मागची बाजू. आमच्याकडे पुढची बाजू म्हणजे माईक, आणि मागची बाजू म्हणजे ती लोखंडी पेटी, जिथं कुणाचं आलेलं कुणाला काढून द्यायचं ते ठरतं. आता माईक गेला, पाकिटं आली, पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापून येतं आणि तरी पाकिटं येतातच. वही मात्र कुणी सोडली नाही. पुतण्याची मोबाईलमध्ये आहे.

शेवटचं पान झालं तरी मला एक नाव दिसेना. १९८७ साली आमच्या घरी असलेल्या सालगड्याचं. गुढीपाडव्याला त्याचं साल ठरायचं आणि तो आमच्या घरी ओळीनं बारा वर्षं होता हे मी कितीदा ऐकलं होतं. लग्नाचा मांडव त्यानंच घातला. चुलीचे चर त्यानं खोदले. पाच दिवस त्याची बायको पंगतीची भांडी घासत होती.

"त्याचा आहेर कुठे लिहिलाय?"

"त्याचा कायचा आयेर? थो त घरचाच मानूस."

आणि थोड्या वेळानं, मी काही न विचारता: "त्याच्या पोरीच्या लग्नात आपून पाच भांडे देल्ले न."

ते कुठल्या वहीत आहे? आमच्या नाही. मग त्यांच्या असेल.

दुसऱ्या दिवशी नाल्यापलीकडे गेले. सालगडी वारून बरीच वर्षं झाली. मावशी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी प्रश्नावली घरी ठेवली होती. पिशवीसुद्धा नेली नव्हती. लग्नाची वही आहे का, एवढंच विचारलं.

"वही कायची बाई? मले कुठी लिवता येते? पन सांगतो ना. बसा."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. १९९८ सालचं लग्न. कोण कुठून आलं, कुणी काय आणलं, कुणी रुपये दिले आणि कुणी नुसतं नारळ, कुणी जेवून गेलं आणि कुणी न जेवता. शेंगा सोलत सोलत, मध्ये न थांबता, पाऊण तास. माझ्याकडे लिहायला कागद नव्हता. मोबाईलवर रेकॉर्ड करू का म्हणून विचारायचीही हिंमत झाली नाही.

ऐकताना मला समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास आठवत राहिले. १९४८ साली ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले, ज्याला त्यांनी रामपुरा हे नाव दिलं. वर्षानुवर्षं टिपणं नीट लावत आणली. २४ एप्रिल १९७० ला अमेरिकेत स्टॅनफर्डला ते काम करत होते त्या इमारतीला कुणीतरी आग लावली, आणि टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. मग त्यांनी ते गाव आठवणीतून लिहिलं. १९७६ साली पुस्तक आलं. विद्यार्थ्यांना हा किस्सा मी दरवर्षी सांगते, कारण तास संपायला दहा मिनिटं असतात आणि आगीची गोष्ट पोट्ट्यांना आवडते. पण आठवणीतून लिहिलेलं गाव चांगलं का उतरलं असेल, याचा मी कधी विचार केला नव्हता. टिपणात सगळंच सारखं असतं. आठवणीत तेवढंच राहतं ज्याचं काही देणंघेणं बाकी आहे.

"तुमच्या घरून पाच भांडे आले," मावशी म्हणाल्या. "चार नवे. एक जुना."

"जुना?"

त्या उठल्या. आत फळीवरून एक स्टीलचा गंज काढून आणला, मोठा, झाकण नसलेला. त्यात तुरीची डाळ होती, ती सुपात ओतली. मग पदरानं कड पुसून माझ्यासमोर धरला. कडेखाली मशीनीनं कोरलेलं नाव: माझ्या भासऱ्यांचं, 'शुभविवाहानिमित्त सप्रेम भेट', दारव्ह्याच्या एका अडत्याचं नाव, १९८७. गंज १, मोठा, झाकणासहित.

"आन हा पोचा पाह्यला?" बुडाशी बोटभर खोलगट खूण होती. "माह्या हातचा हाय. भांडे घासता घासता आडाच्या ओट्यावरून पडला. मोठ्या बाई दोन दिवस माह्यासंग बोलल्या नाई. मंग पोरीच्या लग्नात आला. मी मनलं, घ्या, आला हा घरी."

त्या हसल्या. मला हसावं की काय करावं ते कळेना. मी त्या घरची सून.

पोरगी तो गंज सासरी घेऊन गेली. तिथं कुणीतरी नाव वाचलं, 'हे कोनाचं लग्न हो?' म्हणून चेष्टा झाली. दिवाळीला आली तेव्हा तिनं गंज आईकडे परत आणून ठेवला. तेव्हापासून फळीवर.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं त्या ओशाळतील. त्या ओशाळल्या नाहीत. "त्या साली बोंडं सडले होते. घरातच नव्हतं त कुठून देनार? गंज घासूनपुसून, लिंबू लावून देल्ला. रिकाम्या हातानं त नाई गेलो." आणि मग बऱ्याच वेळानं, दिवा मालवताना, "झाकन देल्लं नव्हतं काय? झाकन कुठी गेलं मंग?" दुसऱ्या दिवशी त्यांनी पूर्ण माळा उचकला. झाकण मिळालं नाही.

यानंतर मी प्रश्नावली बदलली नाही, सरळ बाजूला ठेवली. घरोघरी गेले आणि भांडी दाखवा म्हटलं. एवढंच. बायकांनी मांडण्या रिकाम्या केल्या. पितळेवर हातानं ठोकलेली टिंबाटिंबांची नावं, मग स्टीलवरची मशीनीची, मग नाव न कोरलेले डबे आणि मिक्सर, त्यानंतर नुसती पाकिटं. कुणाच्या घरात कुणाच्या लग्नाचं भांडं आहे हे विचारत गेलं की उसनवार, भांडणं, मोडलेली सोयरीक, विकलेलं एकर, सगळं आपोआप येत होतं. खर्च किती झाला हे मी विचारत नव्हते आणि लोक तेच सांगत होते. "हे भांडे तेवढे राह्यले बाई, बाकीचे त्या साली मोडीत देल्ले." मोडीत का दिले, हा प्रश्न क्रमांक १८ होता. गाडगेबाबा कीर्तनात प्रश्नच विचारायचे आणि उत्तर लोकांच्या तोंडून काढायचे. आमच्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातला माणूस, आणि मी मुलाखतीचं तंत्र झेरॉक्सच्या नोट्समधून शिकत बसले.

इरावती कर्व्यांबद्दल मला नेहमी एक कुतूहल वाटत आलं आहे. माणसांची डोकी मोजणारी बाई, भारतभरातल्या नात्यांच्या शब्दांचे तक्ते मांडून १९५३ साली जाडजूड ग्रंथ लिहिणारी, तीच मराठीत इतके घरगुती ललित निबंध कशी लिहायची? मोजपट्टी खाली कधी ठेवायची आणि लेखणी कधी उचलायची? भांडी बघत फिरताना वाटलं की कदाचित ती खाली ठेवतच नसेल.

कथा नव्यानं लिहायला घेतली. सावकार गेला, हुंदका गेला, पाऊस गेला. दोन म्हाताऱ्या आणि एक गंज राहिला. दोघींपैकी एकीलाही चूक ठरवता येईना, आणि कथा तिथंच अडून बसली, पण चांगल्या अर्थानं अडली. पहिल्या कथेत मला सगळं आधीच माहीत होतं.

एक अडचण मात्र होती, आणि ती शास्त्राची नाही, शेजारधर्माची. प्रकल्पात मावशी 'उत्तरदाती क्र. २३' आहेत, तिथं कुणी ओळखणार नाही. कथेत गावातलं शेंबडं पोरही ओळखेल. मी त्या घरची सून, त्यांच्या गड्याच्या बायकोची गोष्ट घेऊन माझ्या नावावर छापणार, मानधन मीच घेणार. हे घेणं कोणत्या रकान्यात लिहायचं? गावाचं नाव, साल, नाती बदलून टाकली, तरी विचारल्याशिवाय पाठवायची नाही असं ठरवलं. तुरी निघाल्यावर परत गेले. कथा वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली, मध्ये फक्त एकदा कोंबडी हाकलली.

"लिवा," त्या म्हणाल्या. "पन गंज पितळेचा करा."

"काहून मावशी?"

"पुस्तकात येनार हाय न? स्टीलचा कायले मंग? चांगला पितळेचा करा." थोडं थांबून, "पोचा मातर राहू द्या. थो माहा हाय."

प्रकल्पाच्या अहवालात गंज स्टीलचाच आहे, क्र. २३ समोर, सालासकट. कथेत अजून ठरत नाही. पितळेचा केला तर १९८७ चं ते सगळं मशीनीचं कोरीव नाव बदलावं लागतं, आणि नाही केला तर त्यांचा शब्द मोडतो. सध्या सगळीकडे नुसतं 'गंज' लिहून ठेवलं आहे. सासूबाई अधूनमधून विचारतात, झाकणाचं काही कळलं काय.